स्ट्रायकर सोंगटीच्या मागोमाग का जातो?

गिरणगावकर | रविवार, सकाळी १०.४२

मंडळी, गेल्या रविवारी पोटमाळ्यावरून कॅरम बोर्ड खाली काढला. लेक अकरावी सायन्सला आहे, पुढच्या आठवड्यात तिची चाचणी, आणि धडा टकरींचा. म्हटलं, तिचा अभ्यास होईल आणि माझी बोटंही मोकळी होतील. लालबागच्या चाळीत दहा-बारा वर्षं रोज रात्री पिवळ्या बल्बखाली खेळलोय, त्यामुळे थोडी मिजासही होती.

पहिल्याच बोर्डात ड्यू, म्हणजे स्ट्रायकर पॉकेटात गेल्याचा दंड. पॉकेटच्या समोर सरळ रेषेत पांढरी, डोळे मिटून जावी अशी. गेली. तिच्या पाठोपाठ स्ट्रायकरही गेला.

लेक म्हणाली, "बाबा, संवेग, म्हणजे मोमेंटम, अक्षय्य असतो ना? मग सगळा संवेग सोंगटीला देऊन स्ट्रायकरने थांबायला हवं होतं. पुस्तकातल्या चित्रात पहिला चेंडू थांबतो आणि दुसरा निघतो." आमच्या ऑफिसात पूल टेबल आहे. तिथे पांढरा चेंडू नीट मधोमध बसला तर खरंच जागच्या जागी थांबतो. कॅरममध्ये मात्र मी आयुष्यभर ड्यू भरत आलोय.

मग तिने पोतडीतून आणखी दोन काढले. एक, स्ट्रायकर कडेवर आपटून उलटा येतो तेव्हा त्याचा संवेग उजवीकडचा होता तो डावीकडचा झाला, मग अक्षय्य कुठे राहिला? सरांनी म्हणे "बाह्य बल" असं म्हणून फळा पुसला. दुसरं, टकरीत ऊर्जा "नष्ट" होऊ शकते पण संवेग होऊ शकत नाही, हा पक्षपात का?

मी कॉमर्सवाला. सांभाळून घ्या.

आडवा_आंबेकर | १०.५०

पहिला! जागा राखीव.

अवांतर: सरळ सोंगटीवर ड्यू देणाऱ्याने चाळीचं नाव सांगू नये. हलकेच घ्या.

खडू_आणि_फळा | ११.१५

मुलीला शाबासकी द्या. बत्तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवलं, "पुस्तकात असं आहे आणि बोर्डावर तसं का नाही" हे विचारणारी पोरं मोजून पाच-सहा भेटली.

उत्तर देण्याआधी एक काम सांगतो. स्ट्रायकर आणि सोंगट्या वजन करून आणा. किराणा दुकानाचा काटा चालणार नाही, ग्रॅमच्या खालचं दाखवणारा हवा.

गिरणगावकर | दुपारी १.०५

मास्तर, गल्लीच्या तोंडाशी सोनार आहे, शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या काट्यावर ठेवलं. तो आधी म्हणाला, "घडणावळ किती लावू?"

स्ट्रायकर १४.९६० ग्रॅम. सोंगट्या चार ठेवल्या, ५.०२० ते ५.११० च्या दरम्यान. क्वीन ५.०८०.

खडू_आणि_फळा | १.४०

छान. म्हणजे माल नियमातला आहे. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅम असा खेळाचा नियमच आहे. आपण १५ आणि ५ धरू. तिप्पट. सगळी गंमत या तिपटीत आहे.

पूलमध्ये दोन्ही चेंडू सारख्या वजनाचे, म्हणून पहिला सगळं देऊन मोकळा होतो. पुस्तकातलं चित्रही समान वस्तुमानांचं असणार, त्याखालची बारीक ओळ वाचा. स्ट्रायकर तिप्पट जड आहे, त्याला सगळं देऊन टाकणं जमतच नाही.

का जमत नाही ते समीकरणं न सोडवता सांगतो. समजा स्ट्रायकर ४ च्या वेगाने येतोय. ४ कसले ते विचारू नका, फूट धरा, वीत धरा. सोंगटी स्थिर. एकूण संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, १५ × ४ = ६०. दोघांचं मिळून वस्तुमान २०. म्हणजे ६० भागिले २०, जोडीचा सरासरी वेग ३.

आता कल्पना करा, बोर्डाशेजारून एक लोकल त्याच दिशेने बरोबर ३ च्या वेगाने चालली आहे आणि तुम्ही खिडकीत बसून हा खेळ पाहताय. तुम्हाला काय दिसेल? स्ट्रायकर ४ – ३ = १ ने पुढे येताना दिसेल. स्थिर सोंगटी ३ ने उलटी, तुमच्या मागच्या बाजूला धावताना दिसेल. संवेग पाहा: स्ट्रायकरचा १५ × १ = १५, सोंगटीचा ५ × ३ = १५ उलट दिशेने. बेरीज शून्य. लोकलमधून ही अगदी बरोबरीची कुस्ती आहे. टकरीनंतरही बेरीज शून्यच राहायला हवी आणि ऊर्जा वाया जायला नको, तर दोघांना एकच मार्ग उरतो: आलात त्याच वेगाने उलटे फिरा. स्ट्रायकर १ ने मागे, सोंगटी ३ ने पुढे.

आता लोकलमधून उतरा, म्हणजे प्रत्येकात ३ मिळवा. स्ट्रायकर: –१ + ३ = २. सोंगटी: ३ + ३ = ६.

स्ट्रायकर अर्ध्या वेगाने त्याच दिशेने चालत राहतो आणि सोंगटी त्याच्या तिप्पट वेगाने पुढे पळते. तुमचा ड्यू इथेच लिहिलेला आहे. ताळा: आधी ६०; नंतर १५ × २ + ५ × ६ = ६०.

पोह्यात_बटाटा | २.१०

मास्तर दंडवत. बारावीत ते दोन समीकरणांचं प्रकरण चार पानं चालायचं, तुम्ही डोंबिवली फास्टमध्ये बसवून संपवलंत. वाचनखूण साठवली.

थम्ब_शॉट | २.३५

मी जिल्हा पातळीवर खेळलोय म्हणून बोलतो. कागदावर ठीक आहे, पण ब्रेकला, म्हणजे डावाच्या पहिल्या फटक्याला, स्ट्रायकर उलटा येतो. माझ्या बेस लाईनपर्यंत परत आलेला आहे. तुमच्या हिशेबाने तो कायम पुढेच जायला हवा.

खडू_आणि_फळा | ३.००

बरोबर पकडलंत. हिशेब "एक मोकळी सोंगटी" यावर आहे. ब्रेकला १९ सोंगट्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. पुढचीला मागचीचा टेकू, तिला आणखी मागच्यांचा. स्ट्रायकरसमोर ५ ग्रॅम नसतात, त्याच्याहून जड ढीग असतो. हलकं जडावर आपटलं की उलटं येतं. कडेला चिकटलेल्या सोंगटीवर सरळ मारलात तरी हेच, कारण तिच्या मागे अख्खी लाकडी चौकट उभी आहे.

उलट मोकळ्या एकट्या सोंगटीवर कट, म्हणजे मधोमध नाही तर बाजूला फटका, मारून पाहा. स्ट्रायकर किती वळतो? तुमच्या अनुभवाने सांगा.

थम्ब_शॉट | ३.१२

फार नाही वळत. पूल खेळणारी मुलं आमच्याकडे आली की फसतात ती इथेच. त्यांना वाटतं पातळ कट मारला की स्ट्रायकर आडवा निघून जाईल. तो जातच नाही, नाक पुढेच ठेवून चालतो.

खडू_आणि_फळा | ३.४०

किती ते सांगतो, पोरीकडून काढून घ्या.

पुन्हा लोकलमध्ये बसा. तिरकी टक्कर झाली तर स्ट्रायकर लोकलमधून पाहता कुठल्याही दिशेला जाऊ शकतो, पण वेग १ च. जमिनीवर उतरताना त्यात पुढच्या दिशेचा ३ मिळवायचा. कागदावर ३ लांबीची सरळ रेघ काढा, तिच्या टोकावर १ त्रिज्येचं वर्तुळ काढा. रेघेच्या सुरुवातीपासून वर्तुळाच्या कुठल्या तरी बिंदूपर्यंतची रेषा, हाच स्ट्रायकरचा नवा मार्ग. जास्तीत जास्त तिरका मार्ग म्हणजे वर्तुळाला स्पर्शिका. तिच्या कोनाची ज्या (साइन) = १/३. कोन साडेएकोणीस अंश.

बस्स. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर स्थिर, मोकळ्या ५ ग्रॅमच्या सोंगटीवर कसाही आपटा, साडेएकोणीस अंशांपेक्षा जास्त वळूच शकत नाही. ऊर्जा वाया गेली तर वर्तुळ आणखी लहान होतं, म्हणजे वळणं आणखी कमी.

आणि एक उलटी गोष्ट. सगळ्यात जास्त वळण पातळ कटला मिळत नाही. सोंगटी साधारण ३५ अंशांवर निघते तेव्हा मिळतं. त्याहून पातळ कट मारलात की स्ट्रायकर पुन्हा सरळ व्हायला लागतो.

थम्ब_शॉट | ३.५५

हे मला पंचवीस वर्षांपूर्वी कुणी सांगायला हवं होतं.

जुनी_पोथी | सायंकाळी ५.२०

मास्तरांची लोकल साडेतीनशे वर्षं जुनी आहे. तेव्हा ती होडी होती.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ सालच्या ग्रंथात टकरींचे सात नियम मांडले, त्यातले बहुतेक चुकीचे. एक नियम तर असा की स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला लहान वस्तू कधीच हलवू शकत नाही, मग कितीही वेगाने येवो. सोंगटीला टिचकी मारून स्ट्रायकरवर सोडा, नियम मोडला. त्याचं मूळ दुखणं असं की "गतीची मात्रा" तो दिशा न धरता मोजत होता.

क्रिस्तियान हॉयगेन्स हा डच शास्त्रज्ञ. त्याच्या गावात कालवे आणि होड्या. त्याने युक्ती अशी लढवली: संथ चाललेल्या होडीत एक माणूस दोन गोळे एकमेकांवर आपटतोय, आणि काठावरचा माणूस तेच पाहतोय. होडीतल्याला बरोबरीची टक्कर दिसते, काठावरच्याला वेगळी. दोघांचं पाहणं खरंच असायला हवं, या एका अटीवर त्याने नियम काढले. हे काम १६५० च्या दशकातलं, पण पूर्ण ग्रंथ छापला गेला १७०३ मध्ये, तो वारल्यावर. मध्ये १६६८ ला लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचे नियम मागवले, तेव्हा वॉलिस, रेन आणि हॉयगेन्स तिघांनी उत्तरं पाठवली. रेन म्हणजे पुढे सेंट पॉल कॅथेड्रल बांधणारा तोच.

सरळसोट | ५.४५

इतिहास ठीक. पण एक खटकतं. ट्रक स्कूटरला धडकला तर दोघांवर बल सारखंच, असं पुस्तकं सांगतात. हे पटवून घेणं म्हणजे विनोद आहे. स्कूटरचा चुराडा, ट्रकला ओरखडा. ट्रकचा धक्का जास्त, साधी गोष्ट आहे.

खडू_आणि_फळा | ६.१०

चुराडा जास्त हे खरं, बल जास्त हे खोटं. आकडे घेऊ. ट्रक १०,००० किलो, ताशी ४० किलोमीटर. स्कूटर आणि स्वार मिळून २०० किलो, सिग्नलला उभे. धडकून एकत्र फरफटत गेले असं धरा. संवेग तोच, वस्तुमान १०,२००. नवा वेग ताशी ३९.२.

म्हणजे ट्रकचा वेग ०.८ ने कमी झाला. स्कूटरवाल्याचा शून्यावरून ३९.२ झाला. आता संवेगातला बदल पाहा: १०,००० × ०.८ आणि २०० × ३९.२, दोन्ही सारखेच येतात, दशांश तोडल्याचा फरक सोडला तर. बल तेच, वेळ तोच, म्हणून आवेग (बल गुणिले वेळ) तोच. भोग वेगळे, कारण ज्याचं वस्तुमान कमी त्याच्या वेगाला हिसका मोठा.

सरळसोट | ६.२५

बरं. मग ताशी ५० च्या दोन सारख्या गाड्या समोरासमोर धडकल्या तर ताशी १०० ने भिंतीवर आपटल्यासारखं होतं, हे तरी खरं ना? हे सगळेच म्हणतात.

पोह्यात_बटाटा | ६.३१

हे मी सांगतो, मघाचं वापरून. दोघी सारख्या, त्यामुळे भेटतात ती जागा इकडे सरकत नाही की तिकडे. मधे कागद धरलात तर तो जागेवर राहील. म्हणजे प्रत्येक गाडी पक्क्या भिंतीवर ५० नेच आपटली. १०० नाही. आली का मास्तर?

खडू_आणि_फळा | ६.३५

आली. फक्त "सारख्या" हा शब्द सोडू नका.

पुणेरी_पाटी | ६.५०

चर्चा रस्त्यावर आलीच आहे तर विचारतो. हेल्मेटने नेमकं काय होतं? डोकं जमिनीवर आपटणारच. संवेग अक्षय्य. मग ते दीड किलोचं ओझं कशाला? (मी घालतो. पण वाद घालायचा हक्कही सोडत नाही.)

भूलतज्ज्ञ_ताई | रात्री ८.४०

रात्रपाळीला निघता निघता लिहिते, कारण हे रोज समोर येतं.

गाडीवरून पडलेल्या माणसाचं डोकं जमिनीवर टेकताना त्याचा खाली येण्याचा वेग साधारण पावणेदोन मीटर उंचीवरून पडल्याइतका, म्हणजे सेकंदाला ६ मीटरच्या आसपास. डोकं ५ किलो धरा. संवेग ३०. तो शून्य होणारच, हेल्मेट असो-नसो. आवेग ठरलेला आहे. हातात फक्त एकच गोष्ट उरते, तो किती वेळात द्यायचा.

उघडं डोकं डांबरावर: कातडी आणि हाड मिळून ३ मिलिमीटर दबले असं धरलं तर थांबायला एक हजारांश सेकंद. सरासरी बल ३०,००० न्यूटन. हेल्मेटच्या आतलं ते थर्मोकोलसारखं अस्तर २५ मिलिमीटर दबलं तर वेळ आठ हजारांश सेकंदांपेक्षा थोडा जास्त, बल ३,६०० च्या घरात. आठपट फरक. आणि तो बाहेरच्या चकचकीत कवचाने पडत नाही, आतल्या पांढऱ्या अस्तराने स्वतः चिरडून घेतल्यामुळे पडतो. म्हणूनच एकदा आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं. बाहेरून शाबूत दिसतं, आतलं अस्तर पुन्हा फुगत नाही.

आणि पट्टा लावा हो पुणेकर. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोचतं.

पुणेरी_पाटी | ८.५२

ताई, या विषयावर मी पहिल्यांदाच निरुत्तर. तारीख लिहून ठेवतो.

ब्रेकव्हॅन | ९.३०

आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, मी गार्ड म्हणूनच निवृत्त झालो. आवेग मला पुस्तकाआधी पाठीने शिकवला.

मालगाडीचे डबे एकमेकांना घट्ट जोडलेले नसतात, प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढील असते. ती सोयीचीही आहे: इंजिनाला अख्खी गाडी एका दमात उचलावी लागत नाही, एकेक डबा ओढायला लागतो. पण पन्नास-पंचावन्न डब्यांची ढील साचत साचत शेवटच्या ब्रेकव्हॅनपर्यंत येते तेव्हा पुढची गाडी चांगली चालायला लागलेली असते. तुम्ही मागे उभे, गाडी शांत, पुढून खड्-खड्-खड् असा आवाज जवळ येतोय, आणि मग एका क्षणात शून्यावरून गाडीच्या वेगावर. तो आवाज ऐकला की कठडा धरायचा आणि चहाचा कप ओठांपासून लांब न्यायचा. नवा गार्ड पहिल्या आठवड्यात शर्टावर डाग घेऊन घरी जातो.

नव्या एलएचबी डब्यांत झटके बसतात म्हणून प्रवासी कावतात, त्यातही कपलिंगमधली हीच ढील बरीचशी कारणीभूत. जुन्या निळ्या डब्यांना स्क्रू कपलिंग आणि दोन बाजूंना बफर, ते पिळून घट्ट केलं की झटका मुरायचा.

आडवा_आंबेकर | ९.४१

राखीव जागा रद्द करतो, आमच्याकडे सांगण्यासारखं एवढं नाही. पण मुलीचे उरलेले दोन प्रश्न तसेच आहेत.

गिरणगावकर | १०.०५

कडेवर आपटण्याच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही घरीच काढलं, मास्तरांना व्यक्तिगत निरोप करून.

बोर्ड साधारण १० किलोचा. हॉलमधल्या गुळगुळीत फरशीवर सहा गोल पेन्सिली ठेवल्या, षटकोनी चालत नाहीत, आणि त्यावर बोर्ड ठेवला. लेक फरशीवर पालथी पडून बोर्डाची कड आणि फरशीचा सांधा यांकडे डोळा लावून बसली. मी स्ट्रायकर समोरच्या कडेवर जोरात सोडला. "हलला!" बोर्ड समोरच्या बाजूला चिमूटभर सरकला. स्ट्रायकर उलटा आला आणि बोर्ड सुलटा गेला. हरवलेला संवेग सापडला.

हिशेब असा: १५ ग्रॅम, वेग सेकंदाला ५ मीटर धरला, उलटा ४ ने आला, बदल ०.१३५. भागिले १० किलो, बोर्डाचा वेग सेकंदाला जेमतेम १.३५ सेंटिमीटर. स्टुलावर ठेवलेल्या बोर्डाचा हा संवेग स्टूल, फरशी, इमारत करत पृथ्वीला जातो आणि पृथ्वी काही दाद देत नाही. "बाह्य बल" म्हणजे काय ते लेकीला कळलं. बायकोला एवढंच कळलं की नवीन पेन्सिलींची टोकं मोडली.

जुनी_पोथी | १०.२५

पेन्सिलींचं फार आवडलं. तिसऱ्या प्रश्नावर दोन ओळी.

"गतीची खरी मात्रा कोणती, वेग की वेगाचा वर्ग?" यावर युरोपात अर्धं शतक भांडण चाललं. जर्मन गणिती लायबनिट्सने १६८६ ला वेगाच्या वर्गाची बाजू घेतली. पुढे हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडेने पितळी गोळे मऊ चिकणमातीवर पाडले: दुप्पट वेगाने पडलेला गोळा दुप्पट खोल रुतत नाही, चौपट खोल खड्डा करतो. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले हिने १७४० च्या आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात हा पुरावा ठामपणे मांडला. भांडण मिटलं तेव्हा लक्षात आलं की दोघंही बरोबर, प्रश्न वेगळे होते. "किती वेळ थांबवावं लागेल" याचं उत्तर संवेग देतो. "किती अंतर जाईल" याचं उत्तर ऊर्जा देते.

पक्षपात म्हणाल तर, संवेगाला दिशा आहे आणि टकरीतलं बल दोघांवर समान आणि उलट, म्हणून त्याला जायला दुसरी जागाच नाही. ऊर्जेला असंख्य खिडक्या आहेत: टक् असा आवाज, सोंगटीची थरथर, थोडी उष्णता. नष्ट होत नाही, हिशेबाच्या वहीतून बाहेर जाते.

तारांगण | १०.४०

अवांतर, पण राहवत नाही. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान डिमॉर्फोस या छोट्या लघुग्रह-चंद्रावर सेकंदाला सुमारे ६.१ किलोमीटर वेगाने मुद्दाम आपटवलं. त्याची प्रदक्षिणा ११ तास ५५ मिनिटांची होती, ती अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. यानाने आणलेल्या संवेगाच्या साडेतीनपटीहून थोडा जास्त धक्का बसला, कारण आपटल्यावर दगडधोंडे उलट दिशेने उडाले आणि त्यांनी लघुग्रहाला आणखी रेटा दिला. चिकटून बसणाऱ्यापेक्षा उलटा उडणारा जास्त धक्का देतो, तुमच्या कडेवरच्या स्ट्रायकरसारखाच.

खडू_आणि_फळा | १०.५५

पोथीवाल्यांचं "किती अंतर" घेऊन गिरणगावकरांच्या ड्यूकडे परत येतो, कारण औषध तिथेच आहे.

सरळ टकरीनंतर सोंगटीचा वेग स्ट्रायकरच्या तिप्पट, हे आपण पाहिलं. दोघं एकाच पावडरवर घसरतात, घर्षण साधारण सारखं. घसरण्याचं अंतर वेगाच्या वर्गावर, म्हणजे सोंगटी स्ट्रायकरच्या नऊपट लांब जाते. खऱ्या टकरीत थोडी ऊर्जा जाते, तेव्हा नऊ नाही, सहापट धरा. आता सोंगटीपासून पॉकेट एक वीतभर, १८ सेंटिमीटर आहे. ती जेमतेम पोचेल इतकंच मारा. ती पडेल, आणि स्ट्रायकर टकरीच्या जागेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर थांबेल. जोरात माराल तर नऊपट असो की सहापट, दोघांनाही पुरेसं अंतर मिळतं आणि दोघंही आत.

गिरणगावकर | ११.१०

मास्तर, चाळीत आमच्याकडे एक तात्या होते. दर वेळी ओरडायचे, "ढोसू नको रे, पोचव तिला!" आज कळलं ते वर्गाचं गणित सांगत होते.

थम्ब_शॉट | ११.१८

+१. सगळ्या जुन्या खेळाडूंचा हात असाच हलका असतो. आम्ही त्याला "टच" म्हणायचो.

गिरणगावकर | पुढचा शनिवार, रात्री ९.२०

धागा वर काढतोय. चाचणी झाली, बरी गेली म्हणते. आज लेकीने साडेएकोणीस अंशांची परीक्षा घेतली.

पद्धत तिचीच. बोर्डावर पावडर नेहमीपेक्षा जाड पसरायची, म्हणजे स्ट्रायकरचा माग रेघेसारखा उमटतो. सोंगटी मधल्या वर्तुळात एकटी. टकरीआधीची आणि नंतरची रेघ फूटपट्टीने लांबवायची आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजायची. बारा फटके मारले. ७, ११, १६, १८, १४... एकही वीसच्या वर नाही. पातळ कटला खरंच कोन परत कमी झाला, ते पाहून ती टाळ्या वाजवायला लागली.

मग तिने स्वतः मारला, आणि कोन आला २२. पुन्हा मारला, २१. माझा चेहरा पडला.

खडू_आणि_फळा | ९.३४

फिरकी दिली होती का? स्ट्रायकर गरगर फिरत गेला असेल तर टकरीत कडेला कड घासून थोडा फरक पडतो. किंवा सोंगटी कशाला टेकलेली होती का?

गिरणगावकर | ९.४१

दोन्ही नाही. वर्तुळात एकटीच होती आणि लेकीला अजून फिरकी जमत नाही.

थम्ब_शॉट | ९.४४

तिने मारला तो स्ट्रायकर तुमचाच होता ना?

गिरणगावकर | १०.२५

थम्ब शॉटराव, पायाला हात लावतो. तिच्या बोटांना माझा स्ट्रायकर जड वाटतो म्हणून ती डब्यातला जुना पातळ पांढरा घेऊन खेळत होती, चाळीतल्या वेळचा, कडा झिजलेला. सोनाराचं दुकान बंद होतं, शटर अर्धं उघडायला लावलं. १२.४०० ग्रॅम.

लेकीने रस्त्यातच मोबाईलवर हिशेब केला. ५ भागिले १२.४. चोवीस अंशांपर्यंत परवानगी आहे.

सोनार विचारत होता, हे नेमकं काय चाललंय. सांगितलं, उद्या संध्याकाळी ये, बोर्ड मांडतोय.